विषाणू गेला, तरी यकृतातली चरबी का राहिली?

गेल्या २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिनी, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत यकृताच्या तपासणीचे शिबिर झाले. ते आटोपत आले तेव्हा खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त काका आपली जुनी फाईल घेऊन माझ्यासमोर बसले. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची होण्याआधीच्या काळात एका शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना रक्त चढवले गेले होते आणि त्यातून हा विषाणू त्यांच्या शरीरात आला होता. पुढे १२ आठवडे गोळ्या घेतल्यावर रक्तात विषाणूचा मागमूस उरला नाही. तरीही ताज्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड दोन’ असे लिहून आले. काकांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही, आणि अंगाने ते अगदी सडपातळ आहेत. ‘विषाणू गेला म्हणता, मग ही चरबी आली कुठून?’ हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता येण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

यकृताच्या पेशीत थोडा मेद असणे हे आजाराचे लक्षण नाही. पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेदाचे थेंब दिसू लागले, तर त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. आपल्या ठाणे जिल्ह्यातील वाचकाला हा व्यवहार भिवंडीच्या गोदामांवरून चटकन समजेल. माल चहूकडून येतो, काही काळ गोदामात राहतो आणि ट्रकमध्ये भरून महामार्गाने बाहेर पडतो. यकृतातही रक्तातून आलेली मेदाम्ले आणि जादा साखरेपासून तिथेच तयार झालेला मेद छोट्या थेंबांच्या रूपाने साठवला जातो. गरज पडली की या थेंबांतील ट्रायग्लिसराइड फोडले जाते. त्यातील काही भाग जाळला जातो, तर काही भाग प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तात रवाना होतो. या वेष्टित कणांना व्हीएलडीएल म्हणतात, आणि आपल्या दाखल्यातले ट्रक ते हेच. आवक वाढली, थेंब फोडणे मंदावले किंवा ट्रक अडकले, की गोदाम तुंबते.

हिपॅटायटिस सीचा विषाणू नेमका या गोदामाच्या व्यवहारावर जगतो. त्याचे गाभ्याचे प्रथिन मेदाच्या थेंबांना जाऊन चिकटते, तिथेच नव्या विषाणूंची जुळणी होते, आणि तयार झालेले विषाणू व्हीएलडीएलसारख्याच मेदकणांच्या संगतीने पेशीबाहेर पडतात. हे घडत असताना ट्रक भरणाऱ्या प्रथिनाच्या कामात अडथळा येतो आणि मेद पेशीत मागे राहतो. या विषाणूच्या अनेक जनुकीय प्रकारांपैकी प्रकार ३ या बाबतीत सर्वांत वरचढ आहे, आणि भारतात हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. प्रकार ३च्या रुग्णात विषाणूंची संख्या जितकी जास्त, तितका मेद जास्त, असे नाते दिसते. उपचाराने विषाणू नाहीसा झाला की बहुतेकांच्या यकृतातला हा मेदही ओसरतो. इतर प्रकारांत मात्र चरबीचा संबंध विषाणूपेक्षा पोटाचा घेर, मधुमेह, इन्शुलिनला मिळणारा कमकुवत प्रतिसाद आणि आनुवंशिकता यांच्याशी अधिक असतो. यांतील आनुवंशिकतेचा धागा मला सर्वांत विलक्षण वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

अमेरिकेतील डॅलस शहरात सर्वसामान्य नागरिकांची एक मोठी आरोग्य पाहणी झाली, आणि तीत दोन हजारांहून अधिक लोकांच्या यकृतातील मेद चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने मोजला गेला. हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांच्या गटाने या लोकांच्या डीएनएमधील नऊ हजारांहून अधिक बदल तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात यकृतातील मेदाशी सर्वांत ठळक नाते एकाच बदलाचे निघाले. तो बदल २२व्या गुणसूत्रावरील पीएनपीएलए३ या जनुकात आहे. या जनुकात एका ठिकाणी ‘एटीसी’ अशी तीन अक्षरे असतात. काही लोकांत शेवटच्या सीच्या जागी जी असतो. एवढ्याने प्रथिनाच्या साखळीतील १४८व्या जागेवर आयसोल्यूसिनऐवजी मेथिओनिन हे अमिनो आम्ल बसते. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल मिळालेल्या व्यक्तींच्या यकृतात, तो मुळीच नसलेल्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक मेद आढळला.

जनुकाच्या नावातील पहिले ‘पी’ हे अक्षर पॅटॅटिन या प्रथिनावरून आले आहे. पॅटॅटिन हे बटाट्याच्या कंदात साठवलेले प्रथिन असून त्याला मेद फोडता येतो, आणि आपल्या यकृतातील या प्रथिनाचा एक भाग त्याच्याशी मिळताजुळता आहे. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला ‘बटाटा’ हा शब्द अशा रीतीने रेण्वीय जीवशास्त्रातही भेटतो, याचा मला दर वेळी आनंद होतो.

हे प्रथिन मेद फोडणारे असल्यामुळे प्रथम जो तर्क झाला तो सरळ होता: बदलामुळे प्रथिन निकामी होत असेल, मेद फुटत नसेल, म्हणून तो साठत असेल. या तर्काची परीक्षा उंदरांवर झाली आणि तो टिकला नाही. ज्या उंदरांतून हे जनुक पूर्णपणे काढून टाकले, त्यांना फॅटी लिव्हर झालेच नाही. प्रथिन निकामी होणे हेच कारण असते, तर ते अजिबात नसलेल्या उंदरांचे यकृत सर्वांत आधी मेदाने भरायला हवे होते. उलट, उंदरांच्या जनुकात माणसातला तोच एक बदल घडवला आणि त्यांना भरपूर साखरेचा आहार दिला, तेव्हा त्यांच्या यकृतात मेद साठला. साध्या आहारावर तो साठला नाही. दोष प्रथिनाच्या अभावात नसून बदललेल्या प्रथिनाच्या अस्तित्वात आहे, हे यावरून उघड झाले.

पुढील उलगडा थोडा किचकट आहे, पण तो वगळला तर या शोधातील खरी गंमत हातून निसटेल. आपण जेवलो की इन्शुलिनच्या प्रभावाने हे प्रथिन जास्त प्रमाणात तयार होते आणि मेदाच्या थेंबांवर जाऊन बसते. उपाशी राहिलो की ते कमी होते. कमी होण्यासाठी आधीच्या प्रथिनाची विल्हेवाट लागावी लागते. त्यासाठी पेशी नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाचा छोटा रेणू चिकटवते, आणि ही खूण पाहून पेशीतील यंत्रणा त्या प्रथिनाचे तुकडे करते. १४८व्या जागी बदल झालेले प्रथिन ही खूण चुकवते. परिणामी ते थेंबांवर साचत जाते.

ते नुसते साचले असते तरी फारसे बिघडले नसते. पण थेंबातील मेद फोडण्याचे मुख्य काम एटीजीएल या दुसऱ्या विकराचे असते, आणि त्याला सीजीआय-५८ नावाच्या सहायक प्रथिनाची साथ लागते. साचलेले पीएनपीएलए३ हा सहायक आपल्याकडेच अडकवून ठेवते. गोदामाची चावी असलेला माणूस दारातच अडवला जावा, आत मालाच्या थप्प्या चढत जाव्यात आणि बाहेर ट्रक रिकामे उभे राहावेत, तशी ही स्थिती असते. हे प्रथिन कमी करणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न आज चालू आहेत, ते याच समजुतीच्या आधारावर.

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत या जनुकाच्या दर चार प्रतींपैकी साधारण एक प्रत बदललेली असते. प्रत्येकाकडे दोन प्रती असल्यामुळे, हिशेबाने दर सोळा माणसांत एकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या निघतील. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलच्या एका डब्यात असे कितीतरी प्रवासी असणार.

आता विषाणू आणि जनुक यांना एकत्र पाहू. हिपॅटायटिस सी असलेल्या रुग्णांच्या २०११ सालच्या युरोपीय अभ्यासांत या बदलाचे चरबीशी नाते दिसले, आणि दोन्ही प्रती बदललेल्यांत यकृत घट्ट होऊन सिऱ्होसिसकडे जाण्याचे प्रमाणही अधिक आढळले. प्रकार ३च्या रुग्णांत मात्र जनुकाचा परिणाम अंधूक होता, कारण तिथे खुद्द विषाणूच इतका मेद साठवतो की जनुकाचा वाटा त्यात बुडून जातो. हिपॅटायटिस बीचे वागणे वेगळे आहे. तो विषाणू स्वतः यकृतात फारसा मेद साठवत नाही. तरी त्याच्या रुग्णांतही पीएनपीएलए३चा हाच बदल चरबीशी जोडलेला आढळला आहे. टीएम६एसएफ२ या १९व्या गुणसूत्रावरील जनुकातील एक बदल ट्रक भरण्याच्या कामात अडथळा आणतो, आणि त्यामुळे यकृतात मेद वाढतो, पण रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होते. एचएसडी१७बी१३ या जनुकातील एक बदल मात्र यकृताचे रक्षण करतो.

इथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. यकृताचा विषय निघाला की आपल्याकडे अजूनही कोणीतरी काविळीची माळ घालण्याचा किंवा मंत्राने कावीळ उतरवण्याचा सल्ला देते. माळ लांबत जाते ती तिच्यात गुंफलेल्या ओल्या काड्या वाळून आकसल्यामुळे गाठी सैल होतात म्हणून, आणि हातांतून पिवळे पाणी निघते ते झाडाच्या सालीचा रस व चुन्याची निवळी यांच्या संयोगामुळे. हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि त्याचे श्रेय माळेला मिळते. बी आणि सी वर्षानुवर्षे गुपचूप टिकून राहतात. तिथे माळेत घालवलेला काळ रुग्णाच्या यकृताला महागात पडतो. ‘लिव्हर डिटॉक्स’ म्हणून विकले जाणारे रस आणि चूर्णे मला याच जातीची वाटतात. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, हे ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. घरबसल्या थुंकीचा नमुना पाठवून आपले जनुकीय भविष्य जाणून घेण्याच्या जाहिरातींविषयीही माझे मत फारसे निराळे नाही. त्यांतली अक्षरे खरी असतील. पण अक्षरांवरून भविष्य ठरत नाही. पीएनपीएलए३च्या दोन्ही प्रती बदललेल्या लोकांनी वजन घटवले, तेव्हा त्यांच्या यकृतातील मेद इतरांपेक्षाही अधिक उतरल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

काकांच्या फाईलमध्ये विषाणूच्या प्रकाराचा जुना अहवाल सापडला. त्यावर प्रकार १ असे लिहिले होते. त्यामुळे चरबीचा बहुतांश दोष विषाणूवर टाकता येत नव्हता, आणि तो गेल्यावर ती ओसरावी ही अपेक्षाही बरोबर नव्हती. त्यांना मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर होती, दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा होता आणि बैठे आयुष्य होते. शिवाय अंगाने सडपातळ असूनही पोटाचा घेर थोडा सुटलेला होता. जनुकाची चाचणी त्यांनी केलेली नाही, आणि ती केल्याने त्यांचा उपचार बदललाही नसता. चहातली साखर बंद करणे, रोज पाऊण तास चालणे आणि यकृत किती घट्ट झाले आहे हे फायब्रोस्कॅनने पाहणे, एवढे आधी करायचे ठरले.

त्यांच्या मुलीने विचारले की हे तिच्याकडेही आले असेल का. काकांच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील, तर तिच्याकडे एक नक्कीच आली असणार. एकच बदललेली असेल, तर येण्या-न येण्याची शक्यता सारखी. विषाणूचे उत्तर मात्र तिला त्याच दिवशी मिळाले होते, कारण शिबिरात तिने बी आणि सी या दोन्हींची तपासणी करून घेतली होती आणि दोन्ही अहवाल निगेटिव्ह होते. काकांचा फायब्रोस्कॅन पुढच्या आठवड्यात होता. त्यात सिऱ्होसिस निघाला, तर विषाणू गेलेला असूनही कर्करोगाच्या शक्यतेसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागेल, हे मी त्यांना फाईलच्या शेवटच्या पानावर लिहून दिले.