लिनक्स बसते, पण सुरू होत नाही : जुन्या संगणकांच्या बूटची पार्श्वभूमी

इन्स्टॉलेशन विनातक्रार पार पडते, पेनड्राइव्ह काढला जातो, संगणक पुन्हा सुरू होतो आणि काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो. जुन्या मशीनवर हे वारंवार घडते, कारण इन्स्टॉल करताना आणि बूट होताना डिस्क वाचणारे दोघे वेगळे असतात. इन्स्टॉल करताना चालू असलेल्या कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) स्वतःचा ड्रायव्हर असतो, त्याला सगळी डिस्क दिसते. बूट होताना कर्नल अजून मेमरीत आलेलाच नसतो, त्यामुळे डिस्क वाचायला बायोसवरच, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामवरच, विसंबावे लागते. आणि त्या बायोसला त्याच्या काळाच्या मर्यादा असतात.

मुळाशी आहे १९८३ सालची रचना. आयबीएमच्या पीसी एक्सटीसोबत डॉस २.० आले आणि हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर (डिस्कचा सर्वांत लहान तुकडा) बूटसाठी राखला गेला. तो ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट कोडसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनच्या (डिस्कच्या विभागांच्या) नोंदींसाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेचे. फाइल सिस्टिम (फाइली मांडण्याची पद्धत) समजणारा बूटलोडर (कर्नल मेमरीत आणणारा प्रोग्राम) ४४६ बाइटमध्ये मावणे अशक्य. उरलेला भाग ठेवायचा कुठे, हा प्रश्न पुढे तीस वर्षे पुरला.

नव्वदच्या दशकातल्या लिलो या बूटलोडरने कर्नल डिस्कवर कोणत्या सेक्टरमध्ये आहे, याचे पत्तेच लिहून ठेवले. कर्नल बदलून लिलो पुन्हा चालवायला विसरले, की ते पत्ते खोटे ठरत. पडद्यावर लिलोची चार अक्षरे एकेका टप्प्यागणिक उमटत. पहिल्या दोनांवर अडकले तर दुसरा टप्पा लोड झाला पण चालला नाही, असा अर्थ. त्यात १०२४ सिलिंडरची (बायोस डिस्कवरचा पत्ता ज्या वर्तुळाकार पट्ट्यांत मोजे, त्यांची) अडचण होती : आधी ५२८ एमबी, पत्त्यांच्या भाषांतराची युक्ती आल्यावर ८.४ जीबी, त्यापलीकडचे बायोसला वाचता येत नसे. डिस्कच्या सुरुवातीला छोटे बूट पार्टिशन करण्याची पद्धत यातूनच रुळली.

ती पद्धत कालबाह्य समजून सोडून देणे महागात पडते. २८ बिटांच्या पत्त्यांमुळे बरेच जुने बायोस १३७ जीबीच्या पुढे पाहत नाहीत. अशा मशीनला मोठी डिस्क लावून एकच पार्टिशन केले, तर पहिले काही आठवडे सगळे सुरळीत चालते. मग एखाद्या अपडेटमध्ये नवा कर्नल त्या सीमेपलीकडे लिहिला जातो आणि ग्रब (लिलोनंतरचा बूटलोडर) ‘डिस्कच्या बाहेर वाचण्याचा प्रयत्न’ अशी तक्रार करून थांबतो. ग्रब पुन्हा बसवून हे सुटत नाही. डिस्कच्या अगदी सुरुवातीला १ जीबीचे वेगळे बूट पार्टिशन करणे, हाच खात्रीचा उपाय.

१९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी सुरू केलेल्या ग्रबने फाइल सिस्टिम वाचायला सुरुवात केली आणि आपला मधला भाग पहिल्या सेक्टरनंतरच्या रिकाम्या जागेत ठेवला. विंडोज एक्सपीच्या काळात पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होई, म्हणजे जागा जेमतेम ३१ केबी. आता ते २०४८पासून सुरू होते, म्हणून सुमारे १ एमबी मिळते. जुनी पार्टिशन तशीच ठेवून एलव्हीएम (पार्टिशन एकत्र हाताळणारी व्यवस्था) किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर इन्स्टॉल केले, तर ग्रब २ (ग्रबची नवी आवृत्ती) तिथे मावत नाही. जीपीटी या नव्या पार्टिशन-पद्धतीच्या डिस्कवर ही मोकळी जागा गृहीत धरता येत नाही. बायोस मोडसाठी १ एमबीचे ‘बायोस बूट’ पार्टिशन लागते, फॉरमॅट न केलेले.

‘ग्रब रेस्क्यू’ दिसले तर निम्मी लढाई जिंकलेली असते : पहिला भाग चालला, फक्त मॉड्यूलचे (ग्रबच्या पूरक भागांचे) फोल्डर सापडलेले नाही. ‘एलएस’ने पार्टिशन शोधावे, ‘सेट’ने रूट (ते पार्टिशन) आणि प्रिफिक्स (ग्रबच्या फोल्डरचा मार्ग) द्यावे, ‘नॉर्मल’ मॉड्यूल लोड करून चालवावे. लिनक्स सुरू झाल्यावर ग्रब पुन्हा बसवताना संपूर्ण डिस्कचे नाव द्यावे, पार्टिशनचे नव्हे. तरीही बूट झाले नाही, तर एखाद्या पार्टिशनला ‘ॲक्टिव्ह’ खूण आहे का पाहावे. ग्रबला तिची गरज नसते, पण काही बायोस तिच्याशिवाय डिस्कला हातच लावत नाहीत.

बायोसची जागा घेणारे ईएफआय इंटेलने आपल्या इटेनियम प्रोसेसरसाठी बनवले आणि २००५ मध्ये ते यूईएफआय फोरमकडे गेले. संक्रमणकाळातल्या मशीन सर्वांत फसव्या, कारण त्यांत बायोस आणि यूईएफआय असे दोन्ही मोड असतात. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. चुकीची नोंद निवडली की डिस्क एका मोडची आणि बूटलोडर दुसऱ्याचा. काही फर्मवेअर (मशीनमधले यूईएफआय) लिनक्सची नोंद विसरतात. तिथे ग्रब ‘रिमूव्हेबल’ पर्यायाने ठरलेल्या ‘बूट’ फोल्डरमध्ये बसवावा. २००६-०७च्या काही मॅकमध्ये प्रोसेसर ६४ बिटांचा पण ईएफआय ३२ बिटांचे, म्हणून बूटलोडरही ३२ बिटांचाच लागतो.

ग्रबचा मेनू आला आणि त्यानंतर पडदा काळा झाला, तर दोष ग्राफिक्सचा धरून कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ जोडून पाहावे. प्रोसेसरबद्दलचा संदेश आला तर दुरुस्ती बूटलोडरमध्ये नाही. सुरुवातीचे काही पेंटियम एम प्रोसेसर पीएई (४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरण्याची सोय) असूनही ते जाहीर करत नाहीत. त्यांना कर्नलच्या ओळीत ‘फोर्सपीएई’ पुरते. निव्वळ ३२ बिटांच्या प्रोसेसरवर मात्र ६४ बिटांचा कर्नल कधीच चालणार नाही. डेबियन या लिनक्स वितरणाने १३व्या आवृत्तीपासून ३२ बिटांचा इन्स्टॉलर बंद केला आहे, त्यामुळे अशा मशीनसाठी १२वी घ्यावी.