दिवस अपुरे की वजन अपुरं?

बाळंतिणीला बघायला आलेल्या बायका दोन प्रश्न हमखास विचारतात. "वजन किती भरलं?" आणि "दिवस भरले होते ना?" क्रियापद एकच, पण पहिल्याचं उत्तर काट्यावर मिळतं आणि दुसऱ्याचं कॅलेंडरवर. न्यू जर्सीत माझ्या आतेबहिणीला मुलगी झाली तेव्हा आत्याने इकडे सगळ्यांना फोन करून सांगितलं, "प्रीमॅच्युअर आहे गं, अडीच किलोसुद्धा नाही." चौकशी केली तर दिवस ३९ आठवडे. म्हणजे बाळ अगदी वेळेवर आलेलं, फक्त बारीक.

आत्याला हसण्यात अर्थ नाही. १९६१ पर्यंत डॉक्टरही हेच करत होते. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्पो यांनी १९२०च्या सुमारास २५०० ग्रॅमची रेघ ओढली होती. त्या रेघेच्या आतलं बाळ 'प्रीमॅच्युअर', मग ते पोटात पूर्ण नऊ महिने राहिलेलं का असेना. १९६१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही गल्लत सोडवली. २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलं तर ते 'कमी जन्मवजन'. 'अकाली जन्म' मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झाला तरच.

शेजारी ठेवलेली दोन बाळं डोळ्यांपुढे आणा. दोघंही २१०० ग्रॅमची, एक ३४ आठवड्यांचं, दुसरं ३९. काटा दोघांत काहीच फरक करत नाही. पण पाय उचलून तळवा बघितला की कळतं. लवकर आलेल्याच्या तळव्यावर बोटांच्या बाजूला एखाददुसरी रेघ असते आणि टाचेकडचा भाग गुळगुळीत असतो. कानाची पाळी दुमडून सोडली तर ती सावकाश, आळसावल्यासारखी जागेवर येते. दिवस भरलेल्या बारीक बाळाचा तळवा टाचेपर्यंत रेघांनी भरलेला, कान चटकन उलगडणारा. मांड्यांवर मांस नाही, कातडी सैल आणि सुटत आलेली, चेहरा एखाद्या म्हाताऱ्यासारखा, पण डोळे टक्क उघडे.

धोकेही वेगळे. बारीक बाळाची साखर उतरते, अंग लवकर गार पडतं, पण ते सहसा नीट श्वास घेतं आणि हावऱ्यासारखं दूध ओढतं. लवकर आलेल्याला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गर्भाचे साधारण ३४ आठवडे भरल्यावरच साधतो. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणारं द्रव्यही त्यात अपुरं असू शकतं. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन साधारण २१०० ग्रॅमच. ३९ तासांत तो गेला, वजनापायी नव्हे, फुप्फुसांपायी. ते द्रव्य आज नळीवाटे देता येतं, तेव्हा येत नव्हतं.

आता अमेरिकेतल्या वंशभेदाकडे. २०२२ साली तिथे कृष्णवर्णीय मातांची १४.६ टक्के बाळं अकाली जन्मली, गोऱ्या मातांची ९.४ टक्के. म्हणजे दीडपटीहून जास्त, आणि ही दरी कित्येक दशकं बुजलेली नाही. तिथल्या भारतीय आयांची गोष्ट निराळी आहे. कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदींवर २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातून गेलेल्या या बायका भरपूर शिकलेल्या, वेळेवर तपासणीला जाणाऱ्या, आणि तरी त्यांची बाळं वजनाला कमी, वाढीत मागे. अकाली जन्माच्या आकड्यांत मात्र आशियाई माता एकूण गोऱ्यांच्या आसपासच असतात. 'कमी वजन' हा एकच रकाना ठेवला तर कृष्णवर्णीय आणि भारतीय, दोन्ही गट सारखेच वाईट दिसतात. प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांपुढचा मोठा प्रश्न वेळेचा आहे, आपला मुख्यतः वाढीचा. (दोन्ही एकत्रही येतात. गरोदरपणात रक्तदाब चढला की वारेतून पुरवठा कमी पडतो, बाळ खुरटतं, आणि आईचा जीव वाचवायला डॉक्टरांना ते लवकर बाहेर काढावं लागतं. कृष्णवर्णीय बायकांत हा त्रास जास्त दिसतो.)

"वंशच तसा" हे उत्तर दोन्हीकडे पटकन दिलं जातं. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ते टिकत नाही. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या शिकागोच्या डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातल्या १९८० ते १९९५ या काळातल्या जन्मनोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष मांडले. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आयांच्या बाळांचं सरासरी वजन ३४४६ ग्रॅम, आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांचं ३३३३, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांचं ३०८९. रक्तात दोष असता तर थेट आफ्रिकेतून आलेल्या बाईचं बाळ सगळ्यांत हलकं भरायला हवं होतं. पुढे २००२ मध्ये त्यांनी मुली-नातींपर्यंत माग काढला. युरोपातून आलेल्या घराण्यांत पुढच्या पिढीचं वजन वाढलं होतं, आफ्रिका आणि कॅरिबियनमधून आलेल्यांत घटलं होतं. गंमत म्हणजे हे सगळे आकडे वजनाचेच. काटा नोंदीत नेहमी सापडतो, तारीख गडबडलेली असते. पण परदेशात जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांना अकाली प्रसूतीचा धोका कमी असतो, हे इतर अभ्यासांतही दिसलं आहे.

मग गरिबी? तीही पुरती पुरत नाही. दोन्ही पालक पदवीधर असलेल्या घरांचा अभ्यास १९९२ मध्ये आला. तिथेही कृष्णवर्णीय बाळांचा मृत्युदर गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला, आणि तो फरक फार हलक्या बाळांमुळे होता. नेहमीच्या वजनाच्या बाळांत दोन्हीकडे मृत्युदर सारखाच. त्याच वर्षी सार्वजनिक आरोग्याच्या अमेरिकन अभ्यासक आर्लीन जेरोनिमस यांनी आपली कल्पना मांडली. तिला मराठीत 'झीज' म्हणता येईल. एरवी विशीच्या मध्यात बाळंत होणं सतराव्या वर्षापेक्षा सुरक्षित असतं. कृष्णवर्णीय बायकांत वय वाढतं तसा हा फायदा मिळायच्या ऐवजी धोकाच वाढतो, कारण रोजच्या अपमानाने आणि ताणाने शरीर वयाआधी झिजतं. मला सगळ्यांत बोलका वाटतो तो कॅलिफोर्नियाचाच आणखी एक अभ्यास. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सहा महिन्यांत तिथल्या अरबी नावांच्या बायकांची अकाली आणि कमी वजनाची बाळंतपणं आदल्या वर्षीपेक्षा वाढली. वर्षभरात कुणाची जनुकं बदलत नाहीत. बदलली होती ती रस्त्यावरची नजर.

आपल्याकडे गुंता वेगळा. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पूर्ण दिवसांची बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचं ३.५. पण सगळं सारख्या प्रमाणात कमी नव्हतं. पोट आणि हातापायांचं मांस फार कमी, आणि पाठीवर खवाट्याखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली. बारीक दिसणारी, पण आतून चरबीची बाळं. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाचा धागा याज्ञिकांनी तिथूनच पकडला.

आत्याला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपली अंगकाठीच तशी, दुसरं काय." तिला मी नागपूर सांगितलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आठ शहरं होती. ऑक्सफर्ड, सिॲटल, नैरोबी, मस्कत आणि त्यांच्यात आपलं नागपूर. आया निवडताना खाऊन-पिऊन धडधाकट, शिकलेल्या, तपासणीला येणाऱ्या अशाच घेतल्या होत्या. पोटातल्या बाळांची हाडांची वाढ आणि जन्मताची लांबी आठही ठिकाणी जवळपास सारखी निघाली.

आत्या थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, पण मुलगी लांबीला किती भरली, ते कुणी विचारलंच नाही."