मकर्तच्यान, फ्रुंझिक

(४ जुलै १९३० – २९ डिसेंबर १९९३). आर्मेनियन रंगभूमीवरील आणि सोव्हिएत चित्रपटांतील विनोदी नट. जन्म लेनिनाकान (आजचे ग्युमरी) येथे. आईवडील आर्मेनियन वंशसंहारात पोरके झालेले. अनाथालयात वाढून पुढे लेनिनाकानच्या कापडगिरणीत लागले. मुलाचे नाव त्यांनी लाल सेनेचे सेनानी मिखाईल फ्रुंझे यांच्यावरून ठेवले. उत्तरायुष्यात फ्रुंझिक ‘म्हेर’ या नावानेही ओळखले जात. ते आर्मेनियन महाकाव्यातील वीराचे नाव.

गावातल्या नाटकमंडळीत सुरुवात करून ते येरेवानच्या नाट्यसंस्थेत शिकले आणि १९५६ पासून सुंदुक्यान नाट्यगृहात काम करू लागले. रशियन प्रेक्षकांना ते कळले मात्र पडद्यावरून. दिग्दर्शक गायदाय यांच्या ‘काकेशसची बंदिनी’त (१९६७) त्यांचा जब्राईल सख्ख्या भाचीचा सौदा २० मेंढे आणि एका फिनिश फ्रिजवर पक्का करतो. ही घासाघीस ते अगदी गंभीर चेहऱ्याने करतात. जब्राईलच्या बायकोचे काम त्यांच्या पत्नी दोनारा यांनीच केले होते.

भलेमोठे नाक, जाड भुवया आणि दुःखी डोळे हे त्यांचे भांडवल. पण नाकावर हशा वसूल करणे त्यांनी कधी पत्करले नाही. आपण हास्यास्पद आहोत याचा त्यांच्या पात्राला पत्ताच नसतो. दिग्दर्शक दानेलियांच्या ‘मिमिनो’तला (१९७७) ट्रकचालक रुबिक याचा उत्तम नमुना. जॉर्जियन वैमानिक मित्राला सोडवायला तो कोर्टात साक्ष देतो. रशियन अडखळते, वकिलाचा प्रश्न त्याला नीट उमगत नाही, आणि मदतीच्या भरात तो मित्राचे फिर्यादीशी वैर होते हेच सांगून बसतो. इथे जरा जरी अंगविक्षेप केला असता तरी प्रसंग कोसळला असता. या भूमिकेसाठी १९७८ मध्ये त्यांना राज्य पारितोषिक मिळाले; १९८४ मध्ये ते ‘सोव्हिएत संघाचे लोककलावंत’ या किताबाचे मानकरी झाले.

धर्मेंद्र आणि हेमा मालिनी यांच्या ‘अलीबाबा और चालीस चोर’ (१९८०) या भारत-सोव्हिएत चित्रपटातही ते होते.

त्यांचे सर्वांत खोल काम धाकटे बंधू, दिग्दर्शक आल्बेर्त यांच्याबरोबरचे. ‘आमच्या बालपणाचा टँगो’त युद्धानंतरचे लेनिनाकान आहे: बायकोला सोडून तिच्या मैत्रिणीकडे राहायला गेलेला नवरा, आणि घरातल्या सामानावरून जुंपलेली भांडणे. १९८८ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झाले.

येरेवानमध्ये विजेचीही वानवा असलेल्या हिवाळ्यात त्यांचे निधन झाले. कोमितास स्मारक उद्यानात त्यांचे दफन झाले आहे.