फ्लॅशने पोटातल्या बाळाला काही होत नाही

डोहाळजेवणाचे फोटो काढायचे ठरले की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "स्टुडिओत नको गं, ते मोठे लाइट बाळाला बाधतात. बागेतच काढा." फ्लॅश आणि एक्स-रे यांची ही जुनी गल्लत. एक्स-रे शरीरातून आरपार जातात; फ्लॅश म्हणजे झेनॉन वायूच्या नळीत सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरता पडलेला लख्ख उजेड. फ्लॅशवर बसवलेल्या सॉफ्टबॉक्सचं, म्हणजे कापडी पेटीचं, पांढरं कापड तोही मऊ करतं. अतिनील किरणांचीच धास्ती असेल, तर ते बागेतल्या दुपारच्या उन्हात कितीतरी जास्त.

उलट सातव्या-आठव्या महिन्यात स्टुडिओच सोयीचा. एसी, टेकायला खुर्ची, साडी बदलायला आडोसा, आणि मुख्य म्हणजे घडीघडी लागणारं बाथरूम! बागेत ते कुठे शोधणार? फुलांचे दागिनेही उन्हात बघता बघता माना टाकतात.

जपायचं ते दुसरंच. बराच वेळ उताणं झोपवून फोटो घेऊ नयेत. गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या शिरेवर पडून चक्कर येऊ शकते. डाव्या कुशीवर वळवा. आणि जमिनीवरच्या वायरी आधी टेपने चिकटवून घ्या, पोटाआड गर्भवतीला स्वतःची पावलंही दिसत नसतात.