प्लूटोच्या नाकाला चिकटलेला कागद

उंदरासाठी ठेवलेल्या चिकट पॅडवर माझा एकदा अंधारात पाय पडला होता, तो सोडवायला हात लावला तर हात चिकटला, मग पॅड दुसऱ्या पायाने दाबून धरायला गेलो आणि पुढचं सांगण्यात अर्थ नाही. बायको दारात उभी राहून हसत होती आणि मला त्या क्षणी आठवला प्लूटो. मिकी माऊसचा पिवळा कुत्रा. १९३४ च्या 'प्लेफुल प्लूटो' या ब्लॅक अँड व्हाइट कार्टूनमध्ये त्याची अशीच गत होते, फक्त पॅडऐवजी माश्या पकडायचा चिकट कागद. नाकावरून पंजावर, पंजावरून बुडावर.

हा सीन जेमतेम मिनिट-दीड मिनिटाचा असेल, पण अ‍ॅनिमेशनवाली मंडळी आजही त्याचं नाव काढतात. का, ते सांगतो, पण आधी थोडा इतिहास.

प्लूटो पहिल्यांदा दिसला १९३० मध्ये 'द चेन गँग'मध्ये, तेव्हा त्याला नावही नव्हतं, जेलमधून पळालेल्या मिकीचा माग काढणाऱ्या दोन पोलिसी कुत्र्यांपैकी एक, बस्स. त्याच वर्षी पुढच्या कार्टूनमध्ये तो मिनीचा कुत्रा झाला, नाव रोव्हर. १९३१ मध्ये 'द मूस हंट'मध्ये मिकीकडे आला आणि प्लूटो झाला. अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉने नवा ग्रह शोधला तो फेब्रुवारी १९३० मध्ये, आणि ऑक्सफर्डच्या ११ वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीने सुचवलेलं नाव १ मेला जाहीर झालं, म्हणजे नाव ग्रहाला आधी आणि कुत्र्याला नंतर. २००६ मध्ये ग्रहाचं डिमोशन होऊन तो बटुग्रह झाला, कुत्र्याचं काही बिघडलं नाही.

तर तो सीन. काढला डिस्नेच्या नॉर्म फर्ग्युसनने, चित्रकलेचं रीतसर शिक्षण नसलेला माणूस. तोपर्यंत कार्टून म्हणजे धावपळ, आपटाआपटी, शेपटी ताणली की रबरासारखी लांब. फर्ग्युसनने काय केलं तर प्लूटोला मध्येच थांबवलं. कागद चिकटतो, प्लूटो थांबतो, त्याच्याकडे बघतो, कपाळावर आठी येते, मग नजर आपल्याकडे वळते, आणि त्या दोन सेकंदात आपल्याला कळतं की आता याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय आणि जे शिजतंय ते चुकीचं आहे. एक शब्द नाही. सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे मिनिटाला १,४४० (एकेक चित्र दोनदा शूट केलं तरी ७२० चित्रं हाताने काढायची), आणि त्यातली कितीतरी चित्रं कुत्रा नुसता विचार करतोय म्हणून खर्च केलेली. तेव्हा हा वेडेपणाच वाटला असणार.

पण कागदावरच्या रेघा 'विचार करतायत' असं आपल्याला वाटतंच का? १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म केली, त्यात फक्त दोन त्रिकोण, एक गोल आणि दार असलेला एक चौकोन इकडेतिकडे सरकतात. ३४ जणांना विचारलं, काय दिसलं? फक्त एकाने सांगितलं की आकृत्या हलल्या. बाकीचे म्हणाले मोठा त्रिकोण दादागिरी करतोय, गोल बिचारा घाबरलाय वगैरे. त्रिकोणाला ना डोळे ना तोंड, तरी त्याच्या चालीवरून हेतू शोधायचा हा आपल्या मेंदूचा स्वभावच आहे, कारण समोरचा पुढे काय करणार हे ओळखता येणं जगायला कामाचं असतं. फर्ग्युसनने १० वर्षं आधी नेमकी हीच नस पकडली होती, कुठलाही प्रयोग न करता, नुसतं कुत्र्याला कुठे थांबवायचं ते समजून.

आणि डोक्यात काय चाललंय ते चेहऱ्यावर दाखवायची सोय खऱ्या कुत्र्याकडेही आहे बरं का, ती म्हणजे भुवई. २०१९ मध्ये संशोधकांनी कुत्र्यांचे आणि लांडग्यांचे चेहरे फाडून तपासले तेव्हा दिसलं की भुवईची आतली बाजू वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत चांगला ठळक असतो, लांडग्यांत त्या जागी बहुतेक नुसते विरळ तंतू. भुवई उचलली की डोळे मोठे, केविलवाणे दिसतात. माणसांनी असल्या चेहऱ्याच्या कुत्र्यांना जास्त जवळ केलं असावं आणि पिढ्यानपिढ्या तो स्नायू टिकला असावा, असा त्यांचा अंदाज. त्याआधी २०१३ च्या एका अभ्यासातही दिसलं होतं की शेल्टरमधली जी कुत्री भुवई जास्त उचलतात त्यांना लवकर घर मिळतं.

आमच्या गल्लीतल्या मोत्याला हे कुणी शिकवलेलं नाही. मी टपरीवर चहात बिस्किट बुडवतो, तो समोर बसतो, आधी बिस्किटाकडे बघतो, मग माझ्याकडे, मग परत बिस्किटाकडे, आणि डावी भुवई हळूच वर.

पुडा माझा, पण मला त्यातलं एकच मिळतं.