संसदेकडे थेट अर्ज: लोकसभा-राज्यसभेत याचिका कोण करू शकतं, कागद कोणते, अर्ज अडतो कुठे

डिसेंबर 2011 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने आपला 142वा अहवाल सादर केला. विषय होता निवृत्त सैनिकांचं ‘एक पद, एक पेन्शन’. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंग कोश्यारी, जे पुढे आपल्याकडे राज्यपाल म्हणून आले. एकाच पदावरून, तेवढीच सेवा करून निवृत्त झालेल्या सैनिकांना, मग ते कोणत्याही वर्षी निवृत्त झालेले असोत, सारखीच पेन्शन मिळावी आणि पुढची वाढ जुन्या निवृत्तांनाही आपोआप लागू व्हावी, अशी व्याख्या त्या अहवालात आली. 2014 मध्ये सरकारने ही योजना तत्त्वतः मान्य केली आणि 7 नोव्हेंबर 2015 ला आदेश निघाला.

या सगळ्यामागे संसदेत आलेला एक अर्ज होता. त्याला ना कोर्ट फी लागली, ना निवडणूक लढवावी लागली. म्हणूनच ही प्रक्रिया नीट समजून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. ग्रामसभेपासून मंत्रालयापर्यंत अर्ज करणारी असंख्य माणसं आपल्याकडे आहेत. पण संसदेलाही थेट अर्ज करता येतो, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

आधी एक घोळ मिटवू

‘याचिका’ म्हटलं की आपल्याला हायकोर्ट आठवतं. ही याचिका ती नव्हे. इथे तुम्ही न्यायाधीशाकडे नाही, तर सभागृहाकडे मागणं मांडता. निकाल लागत नाही, शिफारस होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळात याच कामाला ‘विनंती अर्ज’ म्हणतात आणि तो शब्द मला जास्त नेमका वाटतो. दिल्लीची ही व्यवस्था तशी जुनी आहे. केंद्रीय कायदेमंडळात अशी समिती पहिल्यांदा 1924 मध्ये नेमली गेली.

आज लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांची आपापली याचिका समिती आहे. लोकसभेच्या समितीत किमान 15 सदस्य असतात, ते अध्यक्ष नेमतात. राज्यसभेच्या समितीत 10 असतात, त्यांना सभापती नेमतात. लोकसभेच्या समितीवर मंत्र्याला नेमता येत नाही. ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण ज्याच्या खात्याबद्दल तक्रार असते तोच ती ऐकायला बसत नाही.

पात्रता: माणसाची कमी, विषयाची जास्त

अर्जदारासाठी शिक्षणाची, वयाची वा उत्पन्नाची अट नाही. एकट्याने अर्ज करता येतो, दहा हजारांनी मिळूनही करता येतो. सह्यांचा किमान आकडा नाही. संस्था, संघटना, एखाद्या गावचे रहिवासी असे सगळे अर्जदार होऊ शकतात. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो आणि तसं नियमातच लिहिलेलं आहे. वकील लागत नाही.

खरी पात्रता तपासली जाते ती विषयाची. लोकसभेच्या नियम 160 प्रमाणे तीन प्रकारचे विषय चालतात: सभागृहात मांडलेलं किंवा राजपत्रात आधीच प्रसिद्ध झालेलं विधेयक, सभागृहापुढे प्रलंबित असलेलं कामकाज, आणि सार्वजनिक हिताची कोणतीही बाब. तिसरा दरवाजा मोठा आहे, आणि बहुतेक अर्ज अडतात तेही तिथेच, कारण त्याला चार अपवाद जोडलेले आहेत.

पहिला अपवाद न्यायालयाचा. न्यायालय, न्यायाधिकरण, चौकशी आयोग किंवा अर्धन्यायिक संस्थेच्या कक्षेतला विषय असेल तर याचिका घेतली जात नाही. मुंबई-गोवा महामार्गाचंच बघा. त्याच्या रखडलेल्या कामावरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झालेली आहे. कोकणातला माणूस त्याच कामाबद्दल लोकसभेकडे गेला, तर त्याला आधी हाच प्रश्न विचारला जाईल. मात्र देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांवर काम चालू असताना वळणरस्ता कसा असावा, फलक कुठे असावेत, दिवे कोणी लावावेत याच्या धोरणाबद्दल मागणी करता येऊ शकते. म्हणजे वादातलं एक प्रकरण बाजूला ठेवून त्यामागचं धोरण पकडायचं.

दुसरा अपवाद राज्याच्या विषयाचा. राज्याच्या विधिमंडळात मांडण्याजोगी गोष्ट लोकसभेत चालत नाही. पोलीस ठाणं, तलाठी, जिल्हा परिषदेची शाळा, सातबारा हे विषय मुंबईचे किंवा पणजीचे. रेल्वे, टपाल, दूरसंचार, राष्ट्रीय महामार्ग, केंद्राच्या पेन्शन योजना, बँका आणि विमा हे दिल्लीचे.

तिसरा अपवाद थोडा तांत्रिक आहे: ज्या विषयावर सभागृहात रीतसर प्रस्ताव किंवा ठराव आणता येतो, तो याचिकेतून येत नाही. त्याची चिंता अर्जदाराने फारशी करू नये, ते सचिवालय बघतं.

चौथा मात्र अर्जदारानेच घरी बसून तपासायचा. केंद्राच्या कायद्यात, नियमांत किंवा उपविधींत आधीच दाद मागायची सोय असेल तर याचिका चालत नाही. पीएफचा एक दावा अडला म्हणून याचिका होणार नाही. पण दावे निकाली काढण्याच्या नियमातच अशी काही अट असेल की ज्यामुळे हजारो माणसं अडकतात, तर ती अट बदला ही मागणी सार्वजनिक हिताची ठरू शकते.

अर्ज कसा लिहायचा

लोकसभेच्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत नमुना दिलेला आहे. तो इतका साधा आहे की शाळेतल्या पत्रलेखनाची आठवण यावी. वर लिहायचं ‘लोकसभा’. अर्ज मंत्र्याला किंवा पंतप्रधानांना उद्देशून नाही, सभागृहाला उद्देशून असतो. मग अर्जदार कोण ते एका ओळीत, त्यानंतर थोडक्यात हकिकत आणि शेवटी मागणी. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही किंवा अंगठा. राज्यसभेसाठी ढाचा हाच, फक्त वरचं संबोधन बदलतं.

सगळं वजन शेवटच्या मागणीवर असतं. नियम म्हणतो की मागणीतून अर्जाचा निश्चित हेतू कळला पाहिजे. आपण अर्ज लिहितो तेव्हा नेमके इथेच ढिले पडतो. ‘प्रवाशांवर होणारा अन्याय दूर करून सहकार्य करावे ही नम्र विनंती’ हे वाक्य आपल्या हाताला इतकं सवयीचं आहे की ते आपोआप लिहिलं जातं. समितीने यावर रेल्वेला विचारायचं तरी काय? त्याऐवजी असं लिहा: ‘लांब पल्ल्याच्या प्रत्येक मेल-एक्स्प्रेस गाडीत आरक्षण नसलेले डबे किमान किती असावेत याचा नियम रेल्वे मंत्रालयाने जाहीर करावा, आणि त्या डब्यांची संख्या वेळापत्रकात छापावी.’ यावर मंत्रालयाला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हटलं तर कारणही सांगावं लागतं.

भाषा सभ्य आणि संयमी असावी, ही नियमातलीच अट आहे. राग असेल तर तो आकड्यांत आणि तारखांत उतरवा. ‘झोपलेलं प्रशासन’ असं लिहिण्यापेक्षा कोणत्या तारखेला अर्ज दिला, उत्तर कधी आलं किंवा आलंच नाही, हे लिहिलेलं समितीच्या जास्त कामाचं असतं.

आता भाषेचा प्रश्न. याचिका हिंदी किंवा इंग्रजीत हवी. मराठीत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद लागतो आणि त्या अनुवादावरही अर्जदाराची सही लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 ने प्रत्येकाला संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिला आहे. तो हक्क असताना अनुवादाचा भार गावातल्या अर्जदारावर पडावा हे मला पटत नाही. पण नियम आहे तोवर तो पाळा. आधी मराठीत मनासारखं लिहा, मग गावातल्या हिंदीच्या शिक्षकांकडून अनुवाद करून घ्या. थेट तोडक्या हिंदीत लिहिलेल्या अर्जात मागणी हरवते.

कागदपत्रं: इथे उलटा नियम आहे

कोणत्याही सरकारी कचेरीत अर्जापेक्षा जोडपत्रांचा गठ्ठा जाड असतो. इथे याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं किंवा इतर दस्तऐवज जोडायचे नसतात. वर्तमानपत्रांची कात्रणं, ग्रामपंचायतीचा ठराव, फोटो यांतलं काहीही नको. जे सांगायचं ते अर्जाच्या मजकुरातच आलं पाहिजे. ते कागद घरी क्रमाने लावून ठेवा. समितीने पुढे माहिती मागितली किंवा साक्षीला बोलावलं तर तेव्हा ते लागतील.

सह्या अनेक असतील तर एक काळजी घ्या. किमान एका अर्जदाराची सही मूळ अर्ज ज्या कागदावर लिहिला आहे त्याच कागदावर हवी, आणि सह्यांसाठी जोडलेल्या प्रत्येक पुढच्या पानावर सगळ्यात वर मागणी पुन्हा लिहिलेली हवी. यामागचं कारण रास्त आहे. कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या नंतर कशालाही जोडता येतात. सही करणाऱ्याला आपण कशाखाली सही करतोय ते दिसलं पाहिजे. प्रत्येक नावापुढे पूर्ण पत्ता लिहा, नुसतं ‘रा. सदर’ लिहून चालणार नाही.

पाठवायचा कसा

दोन वाटा आहेत. एक खासदारामार्फत. खासदार अर्जावर प्रतिस्वाक्षरी करतात, महासचिवांना आगाऊ सूचना देतात आणि याचिका सभागृहात मांडतात. तो खासदार तुमच्याच मतदारसंघाचा असावा असं बंधन नाही. विषयाचा अभ्यास असलेला कोणताही सदस्य चालतो. दुसरी वाट टपालाची. अर्ज थेट महासचिव, लोकसभा किंवा महासचिव, राज्यसभा, संसद भवन, नवी दिल्ली या पत्त्यावर पाठवायचा. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. याचिका सादर होण्यासाठी अध्यक्षांची किंवा सभापतींची संमती लागते, म्हणून पाठवली की लगेच समितीपुढे गेली असं होत नाही.

विषय वरच्या चौकटीत बसत नसेल तरी लोकसभेत आणखी एक खिडकी आहे. याचिकेच्या नियमांत न बसणारी साधी निवेदनं आणि पत्रंही लोकसभेची समिती विचारात घेते. फक्त दोन प्रकारची पत्रं थेट दप्तरी जातात. पहिला प्रकार निनावी किंवा नाव-पत्ता न लागणाऱ्या पत्रांचा. दुसरा प्रकार आपल्या फार अंगवळणी पडलेला आहे: अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना आणि खाली ‘प्रत माहितीस्तव: मा. लोकसभा अध्यक्ष’. अशा प्रतीवर संसदेकडे स्वतंत्र मागणी लिहिलेली नसेल तर ती नुसती फाइलला लागते. वर्षानुवर्षं आपण अशा प्रती पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. ती प्रत पाठवायचीच असेल तर वर दोन ओळी हाताने लिहा की सभागृहाने यात अमुक करावं.

पुढे काय होतं

समिती संबंधित मंत्रालयाकडून लेखी म्हणणं मागवते. गरज वाटली तर अर्जदाराला आणि अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावते, कधी जागेवर जाऊन पाहणीही करते. मग अहवाल सभागृहात येतो आणि शिफारशींवर काय केलं ते मंत्रालयाला कळवावं लागतं.

शिफारस बंधनकारक नसते, हे मनात पक्कं धरूनच अर्ज करा. ‘एक पद, एक पेन्शन’मध्ये समितीने वाढ ‘आपोआप’ लागू व्हावी असं म्हटलं होतं. 2015 च्या आदेशात मात्र पेन्शन दर पाच वर्षांनी नव्याने ठरवायची तरतूद आली. त्यावरून माजी सैनिक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2022 मध्ये न्यायालयाने सरकारचं धोरण ग्राह्य धरलं. म्हणजे सगळं मिळालं नाही. पण चार दशकं लोंबकळलेल्या मागणीला संसदेच्या कागदावर व्याख्या मिळाली आणि त्यानंतर ती नाकारणं अवघड झालं.

दुसरं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. कुष्ठरोग झालेल्यांना समाजात सामावून घेण्याच्या याचिकेवर राज्यसभेच्या समितीने 2008 मध्ये 131वा अहवाल दिला. आनंदवनामुळे हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यांत लिहिलेलंच होतं. ते काढून टाकणारी दुरुस्ती 2019 मध्ये झाली. मधल्या अकरा वर्षांत विधी आयोगाचा अहवाल आला, इतर अनेकांनी पाठपुरावा केला. एकट्या याचिकेचं ते श्रेय नाही, पण त्या मालिकेत ती होती.

विधेयकावर म्हणणं मांडायचं असेल तर

याला याचिका लागतच नाही. विधेयक स्थायी किंवा संयुक्त समितीकडे गेलं की समिती वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन निवेदनं मागवते. मुदत बरेचदा 15 दिवसांचीच असते, म्हणून जाहिरात दिसली की त्याच आठवड्यात बसा. खंड क्रमांक लिहा, त्यातला कोणता शब्द खटकतो ते लिहा, आणि त्याजागी काय हवं ते लिहा. प्रत्यक्ष बोलायची इच्छा असेल तर तसं स्पष्ट नमूद करा, नाहीतर बोलावणं येत नाही. आणि पाठवलेलं निवेदन समितीचं गोपनीय दप्तर बनतं, ते समाजमाध्यमांवर टाकू नका.

ही वाट अलीकडे अरुंद झाली आहे. 15व्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, 17व्या लोकसभेत हे प्रमाण 16 टक्क्यांवर आलं. विधेयक समितीकडे गेलंच नाही तर नागरिकाला असं निवेदन देऊन बोलायची जागा उरत नाही. म्हणून खासदार भेटले की रस्त्याच्या कामाबरोबर हेही मागा: अमुक विधेयक समितीकडे पाठवा.

राज्याचा विषय असेल तर

महाराष्ट्रात विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांत विनंती अर्ज समिती आहे. तिथला सरळ मार्ग आमदारामार्फतचा. अधिवेशनाच्या दोन-तीन आठवडे आधी मसुदा घेऊन भेटा, अधिवेशन सुरू झाल्यावर त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. राज्यातही विधेयकांवर सूचना मागवल्या जातात. जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या आणि बदलांसह ते जुलै 2025 मध्ये मंजूर झालं.

परदेशात राहणाऱ्यांपैकी ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना तिथल्या संसदेची ऑनलाइन याचिका खुली आहे. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्वच हवं असं नाही, तिथले रहिवासी असणं पुरेसं आहे. 10,000 सह्यांना सरकार उत्तर देतं, 1,00,000 झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. आपल्याकडे सह्यांचा असा उंबरठा नाही. एका सहीचा अर्जही त्याच टेबलावर जातो, फक्त त्यावर तुमचा पूर्ण पत्ता आणि पिनकोड लिहायला विसरू नका.