नदीकाठच्या गावासाठी सांडपाण्याचं तळं: प्रस्ताव कसा करायचा?

या कामाला कुणी एकट्यानं अर्ज करायचा नसतो. अर्जदार ग्रामपंचायत. आपण ग्रामसभेत विषय मांडून ठराव घ्यायला लावायचा. कोरम, म्हणजे सभेला किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ मध्ये पहिला मान शोषखड्ड्यांचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांचा. पण नदीकाठी पावसाळ्यात भूजल वर येतं, खड्डे तुंबतात आणि मोरीचं पाणी गटारीतून थेट नदीत जातं. तिथे स्थिरीकरण तळ्याचा प्रस्ताव टिकतो. उथळ तळ्यात पाणी काही दिवस थांबतं, शेवाळ प्राणवायू देतं, जिवाणू घाण खातात. वीज लागत नाही, जागा मात्र लागते.

१,८०० वस्तीचं गाव धरू. माणशी ५५ लिटर पुरवठा, त्यातलं ६५ टक्के सांडपाणी, म्हणजे रोज साधारण ६४ हजार लिटर. दहा दिवस साठवायचं आणि खोली सव्वा मीटर ठेवायची तर नुसत्या पाण्याखालीच पाचेक गुंठे जातात. बांध-रस्ता वेगळा.

सांडपाण्याच्या कामाला मिशनच्या निकषानं ५,००० वस्तीपर्यंतच्या गावाला माणशी जास्तीत जास्त २८० रुपये, त्यावरच्या गावाला ६६०. आपल्या गावाचे ५,०४,००० झाले. त्यातले ७० टक्के मिशनचे, ३० टक्के १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून. या आयोगाचा कालावधी २०२५-२६ पर्यंतचाच, तेव्हा काम कोणत्या वर्षाच्या निधीवर धरताय ते पंचायत समितीत आधीच विचारून घ्या.

प्रस्ताव खरा अडतो तो जागेवर. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. तिच्या आत तळं दाखवू नका. पूररेषा जलसंपदा विभागाकडून घ्या. कृष्णा-पंचगंगेकाठी २०१९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं हे तर शाळेच्या भिंतीवरचा डागही सांगतो. गायरान ग्रामपंचायतीचंच आहे असं समजू नका, ते सरकारी असतं, परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची. खासगी जागेचं नुसतं संमतीपत्र पुढे वाद उभा करतं, नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या.

दुसरी मेख शौचालयाची. सेप्टिक टँकचं पाणी गटारीत सोडलेलं असेल तर ते मोरीचं पाणी उरत नाही, आराखडाच बदलतो. हे सर्वेक्षणात लपवू नका.

ठरावाची नक्कल, सातबारा, मोजणी नकाशा, लोकसंख्येचा दाखला, जागेचे फोटो आणि अभियंत्याचं अंदाजपत्रक एकत्र जोडा. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असायलाच हवं. तांत्रिक आणि प्रशासकीय, दोन्ही मान्यता लागतात.

ठरावात आणखी एक ओळ घाला: तळ्याच्या तोंडाची जाळी रोज कोण साफ करणार. शांपूच्या पुड्या तिथेच अडकतात, आणि जाळी तुंबली की पाणी परत गटारीत फुगतं.